दूरदृश्य चर्चामंडळे : वनव्याप्त गावांतील संघटन व संचालन

शेतकऱ्याने एखादी सुधारित पद्धत ऐकली म्हणजे त्याने ती स्वीकारली, असे होत नाही. तो ती घरी सांगतो, शेजाऱ्यापाशी बोलतो, तीवर शंका काढतो, कोणी ती करून पाहिली आहे काय याची चौकशी करतो आणि मगच एका बांधीत तिचा प्रयोग करून पाहण्यास तयार होतो. विस्तारकार्यात व्याख्यानापेक्षा चर्चेस अधिक महत्त्व दिले जाते, त्याचे कारण हेच आहे. परंतु चर्चेसाठी माणसे एकत्र यावी लागतात, आणि मोहर्लीच्या आसपासच्या गावांत नेमकी तीच गोष्ट अवघड आहे.

भद्रावती तालुक्यातील मोहर्ली हे गाव ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे प्रवेशद्वार म्हणून सर्वांस ठाऊक आहे. येथील गावे व टोले एकमेकांपासून फार दूर आहेत असे नाही; पण मधला रस्ता जंगलातून जातो. दिवसा माणूस शेतावर असतो, आणि तो मोकळा होतो त्या वेळी, म्हणजे दिवेलागणीस, त्या रस्त्याने पायी अगर सायकलने जाणे धोक्याचे असते. वाघ आणि मनुष्य यांच्यातील संघर्ष आपल्या राज्यात ज्या जिल्ह्यांत सर्वांत तीव्र आहे, त्यांत चंद्रपूर व गडचिरोली यांची गणना होते. अशा ठिकाणी पाच गावांच्या शेतकऱ्यांना सायंकाळी एका समाजमंदिरात बोलाविणे हे जबाबदार कार्यकर्त्याचे काम नव्हे. म्हणून भ्रमणध्वनीवरील दूरदृश्य बैठकीचा, ज्यास लोक सरळ ‘व्हिडिओ कॉल’ म्हणतात त्याचा, शेतीकामी पद्धतशीर उपयोग कसा करावा, हे प्रस्तुत पाठात सांगावयाचे आहे.

पुण्याचा प्रयोग

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने ‘रेडिओ ग्रामीण चर्चामंडळां’चा एक प्रयोग केला होता. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत मंडळे स्थापन करण्यात आली. प्रत्येक मंडळात सुमारे वीस सभासद, एक अध्यक्ष व एक निमंत्रक असे. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम प्रक्षेपित होई. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत आणि उरलेल्या शंका पुण्यास लिहून पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. कॅनडात १९४१ पासून अशीच शेतकरी मंडळे चालू होती. त्यांच्याच धर्तीवर ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ असा कार्यक्रम येथे आखला होता.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविले होते. मंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी करण्यात आली : जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशी गावे, आणि जेथे रेडिओच नव्हता अशी गावे. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत जी भर पडली ती नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा पुष्कळच अधिक होती, असे आढळले. १९५९ मध्ये जगदीशचंद्र माथुर व पॉल न्यूराथ यांचा ह्या प्रयोगावरील अहवाल युनेस्कोने प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ही योजना देशभर लागू झाली. आपला चांदा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेश राज्यात होता, त्यामुळे तो ह्या प्रयोगाच्या कक्षेबाहेर राहिला.

ह्या निष्कर्षाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. यंत्र तेच होते आणि कार्यक्रमही तोच होता. फरक पडला तो माणसे एकत्र बसली व बोलली म्हणून. आज प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र यंत्र आले आहे, आणि प्रत्येकजण आपापल्या ओसरीवर एकटा बसून ऐकतो. म्हणजे रेडिओ आहे पण मंडळ नाही, अशी जी गावे पुण्याच्या प्रयोगात मागे पडली, त्यांच्याच स्थितीत आपण नकळत येऊन पोहोचलो आहोत. दूरदृश्य बैठक घेऊ इच्छिणाऱ्या कार्यकर्त्याने ही चूक प्रथम टाळली पाहिजे.

ती प्रस्तुत लेखकाकडूनही झाली. पहिल्या बैठकीत सुमारे तीस शेतकरी आपापल्या घरून सामील झाले. एक बाहेरगावचे तज्ज्ञ बोलावयास होते. ते विद्वान होते, पण पाऊण तास इंग्रजी अक्षरांचे तक्ते दाखवून बोलत राहिले. कोणाच्या घरी कोंबडा आरवत होता, कोणाच्या घरी दूरदर्शन संच चालू होता, आणि दोन भाऊ एकाच खोलीत दोन फोन घेऊन बसल्यामुळे मध्येच कर्कश घुमणारा आवाज येई. शेवटी पडद्यावर आठ चेहरे उरले. दुसऱ्या दिवशी एक वृद्ध शेतकरी भेटले, तेव्हा म्हणाले, “साहेब, तुमी बोलावलं म्हणून बसलो जी, पण आमाले बोलाले कुठी भेटलं?” ह्या प्रश्नाचे उत्तर लेखकापाशी नव्हते.

टोल्याची बैठक हा घटक

पुढे जी पद्धत बसविली ती अशी. एका टोल्यातील पाच-सहा शेतकऱ्यांनी एकाच घरी, एकाच फोनभोवती बसावे. असे पाच-सहा टोले परस्परांशी जोडावेत. त्यायोगे तीस-पस्तीस माणसे बैठकीत असतात, पण फोन सहाच असतात. सहा फोनांच्या बैठकीत गोंगाट होत नाही, दुर्बल नेटवर्कवरही चित्र बरे दिसते, आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे किंवा ज्यांच्या घरचा एकुलता एक फोन मुलाच्या खिशात असतो, तेही वंचित राहत नाहीत. स्त्रियांच्या उपस्थितीत तर ह्यामुळे लक्षणीय वाढ झाली, असा अनुभव आहे.

बैठकीचे तीन भाग करावेत. पहिली पंधरा मिनिटे सर्व टोले जोडलेले असावेत आणि विषय मांडला जावा. तो मांडणारा शक्यतो शेतकरीच असावा. नंतर कॉल बंद करावा. ही गोष्ट प्रथम कोणास पटत नाही. पण बंद करावाच. वीस मिनिटे प्रत्येक टोल्याने आपापसांत बोलावे आणि आपला एक प्रश्न व एक अनुभव निश्चित करावा. त्यानंतर वीस मिनिटे पुन्हा जोडून प्रत्येक टोल्याच्या वतीने एकाने बोलावे. जो मनुष्य पडद्यासमोर तोंड उघडीत नाही तो आपल्या ओसरीवर मोकळेपणाने बोलतो, आणि त्याचे म्हणणे त्याचा शेजारी पुढे मांडतो. डेटाही बराच वाचतो. चित्रासह एक तासाच्या सामूहिक कॉलला अर्धा ते एक जीबी, कधी त्याहून अधिक डेटा लागतो. दिवसाला दीड-दोन जीबी मिळणाऱ्या कुटुंबास ही लहान गोष्ट नाही. चित्र बंद ठेवून केवळ आवाज ठेवल्यास हा खर्च पुष्कळच कमी होतो. म्हणून काही दाखवावयाचे असेल तेवढ्यापुरतेच चित्र चालू करावे.

गावापेक्षा आवड महत्त्वाची

आपली नेहमीची मंडळे गावावार असतात. दूरदृश्य मंडळास गावाच्या सीमेचे बंधन नाही, आणि हाच त्याचा खरा लाभ आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड ह्या गावचे दादाजी खोब्रागडे यांचे नाव आपण सर्व जाणतो. १९८३ च्या सुमारास पटेल-३ ह्या धानाच्या पिकात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून जपल्या, वेगळ्या लावल्या, आणि त्यांतून एचएमटी हे बारीक दाण्याचे धान पुढे आले. ते विदर्भाबाहेरही गेले. २०१८ साली दादाजींचे निधन झाले. अशी बारीक नजर असलेली माणसे प्रत्येक तालुक्यात एक-दोन तरी असतात. त्यांच्या गावात त्यांना कोणी जोडीदार नसतो; उलट बांधीत तासन् तास लोंब्या पाहत बसणारा म्हणून थोडी थट्टाच होते. चिमूरचा असा एक, सिंदेवाहीचा एक, मूलचे दोन आणि मोहर्लीचा एक अशांना महिन्यातून एकदा परस्परांशी बोलता आले, तर ते मंडळ पन्नास माणसांच्या सभेपेक्षा अधिक काम करील. सिंदेवाही येथे कृषी संशोधन केंद्र व कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञ अशा लहान, जाणत्या मंडळात आनंदाने येतात; कारण तेथे त्यांनाही काही शिकावयास मिळते.

म्हणून कार्यकर्त्याने मंडळ काढण्यापूर्वी आपल्या क्षेत्रात कोणास कशाची गोडी आहे याची वही करावी. बियाणे निवडणारे, मधमाश्या पाळणारे, परसबागेतील भाजीपाला करणाऱ्या बचतगटाच्या भगिनी, मोहफुले व हिरडा गोळा करून विकणारे, माजी मालगुजारी तलावांत मासे सोडणारे, बांबूकाम करणारे, असे निरनिराळे गट आपोआप दिसू लागतील. सर्वांचे एकच मंडळ करण्याचा मोह टाळावा. मत्स्यपालनाची चर्चा चालू असता परसबाग करणाऱ्या बाईने पाऊण तास का बसावे?

दिवस व वेळ

वेळ ठरविणे हे निमंत्रकाचे सर्वांत कठीण काम आहे. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचण्यासाठी कुटुंबे पहाटेच बाहेर पडतात. मे महिन्यात तेंदूपानाचे काम असते. रोवणीच्या दिवसांत तर कोणासच उसंत नसते. मोहर्लीत ह्यावर आणखी एक गोष्ट आहे. पुष्कळ घरांतील तरुण मार्गदर्शक किंवा जिप्सीचालक म्हणून पर्यटकांबरोबर सकाळ-दुपार जंगलात असतात. ताडोबाच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन मंगळवारी बंद असते. म्हणून आमच्या मंडळांनी मंगळवार हा दिवस आपणहून निवडला. कार्यालयातून वार ठरविला असता तर तो बहुधा सोमवार ठरला असता.

वेळ दिवसाउजेडीची असावी. ह्या बाबतीत प्रस्तुत लेखक कोणतीही सवलत देण्यास तयार नाही. सुरुवातीस आम्ही सायंकाळी सातची वेळ ठेवली होती. घरी बसूनच बोलावयाचे, मग भीती कसली, असा आमचा समज होता. एका बैठकीत एका सभासदाचा आवाज एकदम स्पष्ट येऊ लागला. त्याबद्दल विचारले असता, घरात रेंज येत नाही म्हणून आपण तळ्याच्या पाळीवर येऊन उभे आहोत, असे त्याने सांगितले. बाहेर काळोख झाला होता. बैठक तेथेच थांबविली आणि तो घरात पोहोचल्याचे कळेपर्यंत दुसरे कोणी काही बोलले नाही. त्याला काही झाले नाही. पण वाघाच्या वाटेवरून माणसे हलवावीत म्हणून जी योजना काढली, तिनेच एकास अंधारात घराबाहेर काढले होते.

त्या दिवसापासून पुढील नियम लावले. ज्या घरात बसून आवाज नीट येतो तेच घर टोल्याच्या बैठकीसाठी निवडावे. त्यासाठी कार्यकर्त्याने स्वतः फोन घेऊन घरोघर पाहणी करावी. बैठक सूर्यास्तापूर्वी एक तास तरी संपावी, म्हणजे लोक आपापल्या घरी उजेडी पोहोचतात. आणि जो शेतात जागलीवर आहे त्यास कॉलमध्ये कदापि घेऊ नये. मचाणावरचा मनुष्य कानांत श्रवणयंत्र घालून बसला म्हणजे त्यास रानडुकरांची चाहूल लागत नाही, आणि त्याहून मोठ्या जनावराचीही लागत नाही. त्याने सामील होण्याचा आग्रह धरला तरी निमंत्रकाने त्यास काढून टाकावे व दुसऱ्या दिवशी सर्व हकीकत सांगावी.

साधने

कोणते साधन वापरावे, यावर फार खल करण्याचे कारण नाही. लोकांच्या फोनमध्ये जे आधीपासून आहे तेच उत्तम. व्हॉट्सॲपच्या सामूहिक कॉलमध्ये ३२ जणांस घेता येते, आणि आपल्या सहा टोल्यांसाठी ते भरपूर झाले. अधिक फोन जोडावयाचे असतील तर गुगल मीट किंवा झूम वापरावे. दोहोंतही विनामूल्य बैठकीत शंभर जण येऊ शकतात. मात्र मीटची सामूहिक बैठक एका तासाने व झूमची चाळीस मिनिटांनी बंद होते. वर सांगितलेल्या त्रिभागी पद्धतीत ही अडचण मुळी येतच नाही. कॉलचा दुवा आदल्या दिवशी गटात टाकावा आणि बैठकीपूर्वी अर्धा तास पुन्हा टाकावा. त्यासोबत निमंत्रकाने स्वतःच्या आवाजात विषय सांगणारा निरोपही टाकावा, कारण कित्येकांस वाचण्यापेक्षा ऐकणे सोयीचे वाटते. जेथे घरची भाषा गोंडी आहे तेथे हा निरोप गोंडी जाणणाऱ्या सभासदाकडून द्यावा.

आपला आवाज बंद कसा करावा व चालू कसा करावा, हे मात्र प्रत्येक टोल्यात एकास प्रत्यक्ष हातात फोन देऊन शिकवावे. ते दूरून शिकविता येत नाही.

रोप कसे दाखवावे

“काईतरी झालं जी धानाले, पण काय झालं ते सांगता नाई येत,” असे शेतकरी सांगतो, तेव्हा दूरदृश्य बैठकीचा खरा कस लागतो. उदाहरण म्हणून आपल्या भागातील धानाच्या दोन किडी घेऊ. गादमाशीची अळी वाढत्या कोंबात शिरते, त्यामुळे मधला पोंगा पानाऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी होऊन वर येतो. त्या फुटव्यास लोंबी धरत नाही. खोडकिडीने मधला पोंगा वाळतो, तो ओढताच सहज निघून येतो. ह्यास गाभेमर म्हणतात. दुरून पाहता दोन्ही बांध्यांत ‘रोप बिघडले’ एवढेच दिसते, आणि शेतकरी दुकानदार देईल ते औषध फवारून मोकळा होतो. चंदेरी नळी दिसू लागली म्हणजे तो फुटवा गेलाच. त्यावर औषध मारून तो परत येत नाही. उपाययोजनेचा विचार करावयाचा तो उरलेल्या फुटव्यांसाठी, आणि तोही शेताच्या निरनिराळ्या भागांतील वीस चुडांचे फुटवे मोजून. शेकडा पाचांहून अधिक फुटवे बाधित असतील तरच खर्च करणे योग्य ठरते.

हा फरक पडद्यावर दिसावा म्हणून रोप मुळासकट उपटून घरी आणावे, दाराशी उजेडात काळ्या कापडावर ठेवावे व फोनच्या मागील बाजूच्या कॅमेऱ्याने दाखवावे. हात स्थिर असावा. नेटवर्क दुर्बल असता हलते चित्र पुसट होते, तेव्हा बैठकीपूर्वीच दोन-तीन स्थिर छायाचित्रे गटात टाकलेली बरी : एक सबंध बांधीचे, एक चुडाचे, एक पोंगा उभा चिरून. पोंगा ओढून दाखविणे मात्र चालू कॉलमध्येच करावे. तो निघून येतो की नाही, हे सर्वांस एकदम दिसते आणि पुढे कोणास समजावून सांगावे लागत नाही. एवढे करूनही खात्री न पटल्यास अंदाजाने औषध सांगू नये. शेतावर जावे, किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ ह्या विनामूल्य क्रमांकावर विचारण्यास सांगावे.

वन्यप्राण्यांमुळे होणारी नुकसानी हा विषय तर प्रत्येक मंडळात निघतोच. वर्षातून एका बैठकीस आपल्या नियतक्षेत्राचे वनरक्षक किंवा वनपाल यांस अवश्य बोलवावे. रानडुक्कर, चितळ, रोही यांनी पीक खाल्ल्यास तीन दिवसांच्या आत वन कार्यालयाकडे तक्रार करावी लागते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते किंवा ती ऐन वेळी आठवत नाही. तक्रार, पंचनामा आणि लागणारे कागद यांचा क्रम त्यांनी स्वतः सांगितला म्हणजे, “साहेब आले नाहीत म्हणून राहिले” आणि “शेतकरी आला नाही म्हणून राहिले” हा नेहमीचा वाद बराच कमी होतो. वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक टोल्याच्या घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

काही सावधगिरी

गटात सामील झालेल्याचा क्रमांक सर्वांस दिसतो. म्हणून भगिनींच्या मंडळाची निमंत्रक स्त्रीच असावी आणि तिच्या संमतीवाचून कोणास गटात घेऊ नये. बैठकीचा दुवा सार्वजनिक गटांत पसरवू नये. बैठकीचे चित्रमुद्रण करावयाचे असल्यास आधी सर्वांस विचारावे. काही माणसे मुद्रण चालू आहे असे कळताच बोलत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे मुद्रणापेक्षा मोलाचे असते. शासकीय योजनेच्या नावाने एपीके फाइली पाठवून बँक खाते रिकामे करण्याचे प्रकार घडत आहेत. आपल्या मंडळाच्या गटात अशी फाइल आली तर ती उघडू नये, पाठविणारा ओळखीचा असला तरीही. कारण बहुधा त्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. ओटीपी कोणासही सांगू नये, कृषी खात्याच्या माणसासही नाही.

नोंद

प्रत्येक बैठकीनंतर निमंत्रकाने एका साध्या वहीत चार गोष्टी लिहाव्यात : कोणते टोले जोडले गेले, कोणता प्रश्न निघाला, कोणी काय करून पाहण्याचे ठरविले, आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला. पुढील बैठक ह्या चौथ्या नोंदीपासून सुरू करावी. पुण्याच्या मंडळांना उत्तरासाठी पुढील प्रक्षेपणाची वाट पाहावी लागे. आपणांस ते त्याच दिवशी मिळू शकते, म्हणून उशिरास निमित्त उरत नाही.

नव्या कार्यकर्त्याने खरिपापूर्वी मे महिन्याच्या अखेरीस, तेंदूपानाचे काम उरकल्यावर, तीन टोल्यांनिशी पहिली बैठक घ्यावी आणि विषय घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याचा ठेवावा. प्रत्येक टोल्याने आठवडाभर आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि बैठकीत ते गोणपाट कॅमेऱ्यासमोर उलगडून उगवलेले दाणे मोजावेत. शंभरातून ऐंशीहून कमी दाणे उगवले असतील त्या टोल्याने पऱ्हे टाकण्यापूर्वी बियाणे बदलावे किंवा बियाण्याचे प्रमाण वाढवावे. पहिल्या बैठकीत तज्ज्ञ बोलाविण्याची गरज नाही.